रोल नंबर ४३, कोंबड्यावाली

आमच्या कोंबड्याला फेज रूल कळायचा की नाही माहीत नाही, पण त्याची हजेरी माझ्यापेक्षा चांगली होती. सप्टेंबर २०२०, एसवायबीएस्सी, फिजिकल केमिस्ट्रीचं लेक्चर, सकाळचे साडेनऊ, मीटवर आम्ही पन्नासेक जण, सर सांगतायत एफ बरोबर सी वजा पी अधिक दोन, आणि माझा माईक चालू राहिलाय हे मला पत्ताच नाही. कोंबडा पडवीच्या कठड्यावर चढला, मान वर केली आणि अशी काही बांग दिली की सर वाक्याच्या मध्येच थांबले.

"कोणाकडे आरवतोय रे हा?"

मी घाईघाईत माईक बंद केला. हाताला घाम. चॅटमध्ये धडाधड हसण्याचे इमोजी पडायला लागले, तर मी पण एक टाकला, उगाच आपल्यावर संशय नको म्हणून. सर दोन सेकंद थांबले, कोणी कबूल होत नाही म्हटल्यावर "बरं, त्याला बसवा वर्गात" म्हणाले आणि पुढे गेले. आणि मी मात्र उरलेला तासभर फेज रूल सोडून एकाच गोष्टीचा विचार करत बसले, की कोणी ओळखलं तर नसेल ना.

आता वाटतं त्यात एवढं लपवण्यासारखं काय होतं. पण तेव्हा होतं. एफवायला रत्नागिरीच्या हॉस्टेलला राहून मी माझ्या मते बऱ्यापैकी शहरी झाले होते. 'नाय' चं 'नाही' केलेलं, केसांना तेल बंद, कॅन्टीनमध्ये सँडविच खायला शिकलेले. गावी कोंबड्या आहेत, एक गाय आहे, घराच्या मागच्या भिंतीला अजून गिलावा नाही, नुसता जांभा दिसतो, हे काही मी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा आठ-दहा दिवसांत परत यायचंय म्हणून चार कपडे घेऊन मी घरी आले, एप्रन आणि जर्नल हॉस्टेलच्या कपाटात तसंच ठेवून. एफवायची परीक्षा झालीच नाही, आम्हाला तसंच वर ढकललं, आणि ऑगस्टात एसवायचं कॉलेज चालू झालं ते थेट आमच्या पडवीत.

पडवीत म्हणजे पडवीतच. घरात रेंज येणारी जागा एकच होती, पडवीचा दक्षिणेकडचा कोपरा, तिथे पण जमिनीपासून साधारण माणसाच्या डोक्याच्या वर. बाबांनी कापडी पिशवी सुंभाने वाशाला टांगून दिली. त्या पिशवीत माझा फोन हॉटस्पॉट लावून ठेवायचा, आणि खाली चुलत भावाचा जुना, स्क्रीनला तडा गेलेला फोन घेऊन मी बसायचे. आजी येता-जाता पिशवीकडे बघायची. शिंक्यावर लोणी ठेवतात तसं कॉलेज टांगलंय म्हणायची. वारा आला की पिशवी हलायची आणि सरांचा चेहरा चौकोन-चौकोन व्हायचा.

हे असं का होतं ते मला तेव्हा कळायचं नाही, मग बसून वाचलं. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीला लागून. किनाऱ्यावरची बरीच गावं अशीच आहेत, वर जांभ्याचा उघडा सडा, मध्ये काजी-आंब्याचा उतार आणि खाली पाण्याच्या आधाराने वाडी. वाऱ्याला आडोसा, विहिरीला पाणी, माडा-पोफळीला ओलावा, जुन्या लोकांनी सगळा विचार करून घरं बांधली, फक्त पुढे टॉवर कुठे लागणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोबाईलचा सिग्नल साधारण सरळ रेषेतच चालतो. टॉवर डोंगरापलीकडे असला की आपण त्याच्या सावलीत. त्यात पावसाळ्यात झाडं पाण्याने निथळत असतात, ती ओली पानं उरलासुरला सिग्नल पिऊन टाकतात. आणि लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी उतरली की टॉवरही गप्प. म्हणजे लाईट गेल्यावर आपल्या फोनमध्ये चार्जिंग किती आहे याला तसा काही अर्थ नसायचा.

ज्यांच्या घरात तेवढा कोपरा पण नव्हता ते सड्यावर जायचे. सिंधुदुर्गातल्या कुठल्याशा मुलीचा डोंगरावरच्या झोपडीत बसून शिकतानाचा फोटो तेव्हा पेपरात आला होता, सगळे तो एकमेकांना पाठवून वा वा करत होते, तर बाबा म्हणाले, यात वा वा काय, आपल्या सड्यावर रोज आठ जणं बसतात. खरंच बसायची. पडवीतली रेंज गेली की मी पण घाटी चढून जायचे, वीस मिनिटं, पायात चिखलाचे बूट झालेले. तिकडे गडग्याच्या आडोशाला काजीच्या झाडाखाली सगळं विद्यापीठ भरलेलं असायचं. एक आयटीआयचा, दोघी दहावीच्या, एक डीएडवाली, एक मुंबईहून आलेला दादा लॅपटॉप उघडून कोणाला तरी 'येस येस, शुअर' करत असायचा आणि फोन ठेवला की शिवी घालायचा. छत्र्या उलट्या-सुलट्या, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवरूनच बोट फिरवायचं. पावसाचा थेंब पिशवीवर पडला की फोनला वाटायचं आपणच बोट लावलं, आणि मध्येच मीटिंगमधून बाहेर. मी एकदा थेंबामुळे लेक्चरमध्ये हात वर केला होता आणि सरांनी विचारलं, बोल, काय शंका आहे.

आमच्या सड्यावर कातळात कोरलेल्या रेघा आहेत. राजापूर-रत्नागिरीकडे अशी कातळशिल्पं पुष्कळ आहेत, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, पुढे २०२२ मध्ये तर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली ती. आमच्याकडचं काही एवढं मोठं नाही, एक मासा म्हटला तर मासा आणि दोन-चार चौकोन. लहानपणी सांगायचे पांडवांनी एका रात्रीत कोरलं. लेक्चर बफर होत असताना मी त्या माशाशेजारी बसून बघत राहायचे. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी खालची सावली सोडून इथे उघड्यावर येऊन बसायचं, त्याला पण बहुतेक रेंजच हवी असणार.

डेटाचं गणित निराळंच. रोजचे दोन जीबी, त्यात तीन लेक्चरं, एक प्रॅक्टिकल, शिवाय आईला संध्याकाळी भजन बघायचं. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या आत सगळ्यांचा डेटा संपायला लागला म्हणून सरांनी स्वतःच सांगितलं, व्हिडिओ बंद ठेवा, आवाज पुरे. यामागे खरंच हिशेब आहे. माणसाचा आवाज पाठवायला सेकंदाला तीस-चाळीस किलोबिट असले तरी भागतं, चित्राला शेकड्यांनी लागतात. आणि बोलणं चालू असताना वाटेत हरवलेला तुकडा परत मागवून वाट बघत बसायला वेळ नसतो, तोवर पुढचं वाक्य आलेलं असतं, म्हणून ॲप ती फट अंदाजाने बुजवतं, आणि अंदाज चुकला की सर रोबोटसारखे 'एंट्रो-ओ-ओ-पी' करतात. आमची अर्धी बॅच एंट्रोपीला अजून तसंच म्हणते.

पण मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते पावसाचं. आमच्या कौलांवर पाऊस लागला की समोरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. एकदा सरांनी प्रश्न विचारला आणि तेवढ्यात पावसाची सर आली, मी जीव तोडून ओरडत उत्तर दिलं, सर म्हणाले, अगं ओरडतेस का, स्वच्छ ऐकू येतंय. पाऊस? त्यांना पाऊस ऐकूच येत नव्हता. नंतर कळलं की फोन आणि ॲप दोन्ही मागचा एकसुरी आवाज ओळखून कापून टाकतात, पंखा, गाडीची घरघर, पाऊस. म्हणजे माझ्या डोक्यावर आषाढ-श्रावण कोसळतोय आणि रत्नागिरीत सरांना वाटतंय ही पोरगी कोरड्या खोलीत बसून उगाच किंचाळतेय. एकसुरी जे ते जातं. अचानक जे येतं ते मात्र राहतं. भांडं पडलं, आईने हाक मारली, कोंबडा आरवला. म्हणजे मी जे लपवायला बघत होते नेमकं तेच त्या यंत्राला माणसाचं बोलणं वाटायचं.

प्रॅक्टिकलबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण केमिस्ट्री व्हिडिओवर शिकणं म्हणजे पोहणं पत्राने शिकण्यासारखं आहे. मॅडम एकट्या रिकाम्या लॅबमध्ये जायच्या आणि फोन ब्युरेट स्टँडच्या क्लॅम्पला अडकवायच्या, ज्या क्लॅम्पला ब्युरेट लावायची त्यालाच. दुसऱ्या स्टँडला ब्युरेट. खाली शंकूपात्र, त्यात ॲसिड, वर सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. एका थेंबाने रंगहीनचं फिकट गुलाबी व्हायचं, तो एंड पॉइंट, आणि फिकट म्हणजे अगदी फिकट, गडद झालं की चुकलं. मॅडम म्हणायच्या, "दिसलं का? आता आलं बघा, दिसलं?" आम्हाला काही दिसायचं नाही. आम्हाला पांढरं दिसायचं, मग पांढरं, मग परत पांढरं, आणि एकदम भडक गुलाबी, तोवर मॅडमचा हात चुकून जास्त गेलेला असायचा. व्हिडिओ दाबून पाठवताना उजेडाची माहिती जास्त ठेवतात आणि रंगाची कमी, डोळ्याला फारसा फरक कळत नाही म्हणून. बाकी सगळ्या जगाला कळत नसेल, टायट्रेशनवाल्यांना कळतो ना. आम्ही चॅटमध्ये लिहायचो 'येस मॅम'. सगळे. पन्नास येस मॅम आणि एकाने पण गुलाबी बघितलेलं नाही.

त्या दिवाळीनंतर मॅडमनी सांगितलं, घरात जे असेल त्यातून इंडिकेटर, म्हणजे ॲसिड-अल्कलीत रंग बदलणारं काहीतरी, शोधा आणि व्हिडिओ पाठवा. शहरातल्या पोरींनी जास्वंद केली, हळद तर निम्म्या वर्गाने केली. मी बरणीतली आमसुलं भिजत घातली. लालबुंद पाणी आलं, त्यात चमच्याने खायचा सोडा घातला तर फसफसून लाल मावळत गेलं आणि मळकट निळं-हिरवट झालं, वरून लिंबू पिळलं तर परत लाल. मी चारदा करून बघितलं. आई म्हणाली, सोलकढीचं वाटोळं चाललंय. पण मला खरंच वेड लागल्यासारखं झालं होतं, कारण रातांबे फोडून आमसुलं घालायचं काम मी सहावीपासून करतेय, हात आठ-आठ दिवस लाल, आणि साबणाने हात धुतले की बोटं काळी-निळी होतात हे मला कायमच माहीत होतं. कोकमाच्या रंगात अँथोसायनिन असतं आणि ते ॲसिड-अल्कली प्रमाणे रंग बदलतं, हे तेवढं मॅडमकडून कळलं. मॅडमनी माझा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. व्हिडिओत मागे कोंबड्या फिरत होत्या. मी आवाज काढून टाकला होता, चित्राचं विसरले.

कॅमेऱ्याची भीती मात्र तशीच राहिली. त्या दरम्यान एक पेपर वाचनात आला, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले फ्रँक कॅस्टेली आणि मार्क सार्वरी यांनी २०२१ मध्ये लिहिलेला, मुलं कॅमेरा का बंद ठेवतात यावर. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सरळ विचारलं होतं. आपण कसे दिसतोय याची लाज, मागे घरची माणसं आणि खोली दिसेल याची काळजी, आणि कमजोर इंटरनेट, अशी कारणं निघाली. मला एवढं बरं वाटलं ते वाचून. कॉर्नेलच्या पोरांना पण मागची भिंत दिसायला नको होती! त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी लिहिलं होतं की सतत स्वतःचा चेहरा समोर बघत बसल्याने पण माणूस थकतो. आमच्याकडे ती वेळच आली नाही, आमचा चेहरा आम्हाला वर्षात चारदा दिसला असेल, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला.

व्हायवाला कॅमेरा सक्तीचा. आदल्या रात्री घरात लग्न असल्यासारखी धावपळ. पडवीत मागे गोठा दिसतो, ओटीवर रेंज नाही. शेवटी आईने तिची निळी साडी दोन खांबांच्या मध्ये बांधली, गाय बाबा सकाळीच लांब बांधून आले, कोंबडा टोपलीखाली, टोपलीवर धोंडा. आजीला तीनदा सांगितलं, दहा ते साडेदहा इकडे यायचं नाही. एक्स्टर्नल सर कडक होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, बफर म्हणजे काय, आणि मी उत्तराला सुरुवात केली तेवढ्यात साडी बाजूला झाली आणि आजी पेजेचा वाडगा घेऊन हजर. तिने फोनमध्ये वाकून बघितलं, एवढा मोठा माणूस कोणीतरी बोलतोय, म्हटल्यावर डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "मास्तर, पोर सकाळपासून उपाशी हाय."

मला तिथेच भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एक्स्टर्नल सर क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजी, उकड्या तांदळाची आहे का?" आजी म्हणाली, "हो तर." ते म्हणाले, "आधी खा गो. मी पुढच्या नंबरला घेतो, मग तू परत ये." नंतर परत गेले तेव्हा त्यांनी बफरच विचारलं, काही सोडलं नाही हां. पण मी बरोबर सांगितलं.

आता सरांबद्दल, फिजिकलवाल्या. सर घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने लिहायचे, समोर स्टुलावर डब्यांची उतरंड आणि त्यावर फोन. सुरुवातीला महिनाभर त्यांना वाटायचं की आम्हाला सगळं उलटं दिसतंय, कारण पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याला स्वतःचं आरशासारखं दिसतं, समोरच्याला सरळच जातं. एके दिवशी बिचाऱ्यांनी अख्खं समीकरण उजवीकडून डावीकडे उलट्या अक्षरात लिहिलं होतं, आमच्या सोयीसाठी. आम्ही कोणी हसलो नाही. खरं तर हसलो असू, पण सगळे म्यूटवर.

तेच वाईट होतं. समोरच्याचा विनोद झाला तरी हसू पोचायचं नाही. जानेवारीत, मोहोर आलेला, सगळी वाडी त्या वासाने भरलेली, मी फोन कानाशी धरून झोपाळ्यावर बसलेले, अर्धं लक्ष. सरांनी काहीतरी विचारलं. कोणीच बोललं नाही. परत विचारलं. मग नुसतं म्हणाले, "कोणी आहे का?" थोडं थांबून परत, "काय रे, आहे का कोणी?" आवाज वेगळा होता. प्रश्न विचारणाऱ्या सरांचा नव्हता, संध्याकाळी उशिरा कोणाच्या तरी दारात उभं राहून हाक मारतात ना, घरात दिवा आहे पण माणूस दिसत नाही तेव्हा, तसा. स्क्रीनवर नुसते गोल आणि त्यात अक्षरं. त्यांच्याकडून आम्ही कसे दिसत असू ते पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं.

मी माईक चालू केला. "आहे सर, फॉर्टी थ्री" एवढं म्हणायचं होतं. 'आहे स' पर्यंत पोचले आणि कठड्यावरून कोंबड्याने बाकीचं पूर्ण केलं.

सर जे हसले! कितीतरी वेळ हसत होते. "अच्छा, म्हणजे तो ४३ नंबरचा होय. सप्टेंबरपासून शोधतोय त्याला." मग एकेक माईक चालू व्हायला लागले, सगळे हसत होते, आणि हसण्याच्या मागे पहिल्यांदाच सगळ्यांची घरं एकदम ऐकू आली. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, कोणाचं तरी तान्हं रडतंय, एसटीचा हॉर्न, कुठेतरी बोटीचं इंजिन फटफटतंय. दोन मिनिटं नुसता बाजार. मग सर म्हणाले, बस आता, म्यूट करा, डेटा जातोय.

त्यानंतर सर हजेरी तशीच घ्यायला लागले. नंबर घ्यायचे, आपण माईक चालू करून 'येस सर' म्हणायचं, आणि ते मागचं ऐकून ओळखायचे. दाभोळची, तिच्याकडे फेरीबोटीचा भोंगा. एकाच्या घराखाली पिठाची गिरण. एकाच्या वडिलांचं टायरचं दुकान, हवा भरायचा कॉम्प्रेसर. चिपळूणच्या एकाचा जुना पंखा, तो एकसुरी नव्हता, दर फेऱ्याला टक् करून थांबायचा आणि परत चालू, म्हणून यंत्राला कापता यायचा नाही. माझं विचारायचे, "४३? कोंबडा आलाय का आज?" आणि मी, जिने हॉस्टेलला वर्षभर 'नाही' म्हणायची प्रॅक्टिस केली होती ती, म्हणायचे, "आलाय सर, पण अभ्यास नाय केलेला त्याने."

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. १६ तारखेला, रविवार होता, सकाळपासून समुद्राचा आवाज घरात ऐकू येत होता, एवढ्या लांबून. आदल्या वर्षीच्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागा उभ्याच्या उभ्या झोपल्या होत्या, त्यामुळे सगळे हबकलेले. आमची कौलं गेली, दोन माड गेले, उरलेला आंबा खाली. लाईटीचे खांब आडवे, सहा दिवस काळोख. फोन बंद पडण्याआधी ग्रुपवर शेवटचा मेसेज आला होता, 'सगळे ठीक आहात का', आणि त्याखाली एकच उत्तर गेलेलं. वाशाला टांगलेली पिशवी वाऱ्याने कुठे गेली ती सापडलीच नाही.

घर वाचलं म्हणून बाबांनी पावसाच्या आधी राखण द्यायचं ठरवलं. आमच्याकडे वाडीच्या राखणदाराला, वाडी राखणाऱ्या देवाला, वर्षाला कोंबडा देतात, त्याशिवाय तो राखणार कसा. दरवर्षी विकत आणायचे. त्या वर्षी लॉकडाऊन, बाजार बंद, वादळाने सगळ्यांचे खुराडे उडालेले. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. रात्री सगळ्या वाडीने मिळून वडे-सागोती खाल्ली, मी नुसते वडे खाल्ले, आणि आजीच्या ते लक्षात आलं पण तिने काही विचारलं नाही.

टीवायचं पहिलं लेक्चर. सर हजेरी घेत ४३ वर आले. "काय, कोंबडा?" मी माईक चालू केला, मागे नुसती माशी पण नव्हती. मला बोलता येईना म्हणून चॅटमध्ये टाईप केलं, 'सर, राखणीला गेला.' सर कोकणातलेच, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हं. मोठ्या कामाला गेला." आणि ४४.

जुलैत २२ तारखेला वाशिष्ठी नदी चिपळूणात शिरली. पंखेवाला त्या दिवशी नव्हता, दुसऱ्या दिवशी नव्हता, फोन बंद. सर त्याच्या नंबरला थांबायचे, खूण करायचे नाहीत, पुढे जायचे. दहाव्या दिवशी त्याने 'येस सर' म्हटलं. मागे पूर्ण शांत. सरांनी विचारलं, "सगळे बरे?" "हो सर." "पंखा?" "पंख्याच्या वर होतं सर पाणी." त्यावर कोण काय बोलणार. सरांनी त्या दिवशी शिकवलं नाही, पण मीटिंग पण बंद केली नाही. आम्ही सगळे तासभर तसेच बसून राहिलो, मध्ये मध्ये कोणीतरी त्याला विचारायचं, पुस्तकं आहेत का, पाणी प्यायचं येतंय का, मी जर्नल पाठवू का. कॅमेरे बंदच होते. दुसऱ्या आठवड्यात दाभोळवाली आणि टायरवाला एक टेम्पो करून चिखल काढायला गेले, त्या दोघांनी त्याचा चेहरा पहिल्यांदा तिथेच नीट बघितला.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली, दोन डोस झाले असतील त्यांना. हॉस्टेलच्या कपाटात एप्रन होता, त्याला बुरशीची पूर्ण नक्षी. वर्गात गेले तर सगळे मास्क लावलेले, कोणाची कोणाला ओळख पटेना, माणसं ठेंगणी-उंच निघाली, मला पिठाची गिरण जाडजूड वाटली होती तर तो काडीसारखा. सर आत आले, डब्यांच्या उतरंडीवरून दिसायचे त्यापेक्षा बरेच बुटके. आमच्याकडे बघत राहिले, आणि कळलं की त्यांनाही आम्ही कोणीच ओळखू येत नव्हतो. खिडकीबाहेर पाऊस लागला होता, ऑक्टोबरातला परतीचा, पत्र्यावर धाडधाड, आणि तो कोणी कापत नव्हतं.

सरांनी मस्टर उघडलं. एकेक जण 'येस सर' म्हणायला लागला तसे ते मान वर करून बघायचे, अच्छा, हा टायर, अच्छा, ही फेरीबोट. चिपळूणच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"फॉर्टी थ्री."

मी तोंड उघडायच्या आत शेवटच्या बाकावरून कोणीतरी लांबलचक बांग दिली, अगदी हुबेहूब.

सरांनी मस्टरमधून मान पण वर केली नाही. "कोणाचा माईक चालू राहिलाय रे," म्हणाले.